पाणबुडीवर टाकायचा बॉम्ब पिंपासारखा का?

सातारी_कंदी
मंडळी, प्रश्न माझा नाही, माझ्या नऊ वर्षांच्या लेकाचा आहे. मी आपला हमाल.

गेल्या शनिवारी आम्ही गॉसपोर्टला गेलो होतो. पोर्ट्समथच्या खाडीपलीकडे नौदलाच्या जुन्या दारूगोळ्याचं संग्रहालय आहे, तिथे. तोफा झाल्या, सुरुंग झाले, पाणतीर झाले. पाणतीरासमोर चिरंजीव दहा मिनिटं हलेनात. मग पुढे आला डेप्थ चार्ज. पाणबुडी बुडवण्यासाठी पहिल्या महायुद्धात शोधलेलं हत्यार. दिसायला कसं? आपल्या रॉकेलच्या दुकानात असायचं तसं करड्या रंगाचं पिंप. ना टोक, ना शेपटी, ना पंख.

लेक म्हणाला, "बाबा, पाणतीर केवढा निमुळता केलाय, म्हणजे पाण्यात कसं जायचं ते यांना माहीत होतं. मग हे असं ढब्बू का केलं?"

मी "अरे, तेव्हा घाई होती" असं काहीतरी पुटपुटलो. त्याला पटलं नाही, मलाही नाही. पाण्याखालची, न दिसणारी वस्तू मारायची हे मुळात पहिल्यांदा कसं सुचलं आणि त्याचं पिंपच का झालं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाप म्हणून अब्रूचा प्रश्न आहे.

फुकटचा_सल्ला
पिंप अशासाठी की युद्ध संपल्यावर लग्नकार्यात पाणी भरायला उपयोगी पडावं.

घारगे
पहिल्याच प्रतिसादात धाग्याचा मान राखल्याबद्दल फुस यांचे आभार. वाचतेय.

इतिहासवेडी
छान प्रश्न विचारलाय पोराने. थोडं मागून सुरू करते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या, म्हणजे ब्रिटिश नौदलाकडे बुडी मारलेल्या पाणबुडीवर टाकायला धड काहीही नव्हतं. पाणबुडी वर असेल तर तोफ डागा, नाहीतर सरळ अंगावर जहाज घाला. ९ ऑगस्टला बर्मिंगहॅम या क्रूझरने यू-१५ ही जर्मन पाणबुडी अशीच धडकेने बुडवली. पण २२ सप्टेंबरला यू-९ या एका जुनाट पाणबुडीने सकाळच्या तास-दीड तासात अबूकीर, होग आणि क्रेसी ही तीन क्रूझर जहाजं बुडवली. सुमारे साडेचौदाशे माणसं गेली. पहिलं जहाज बुडताना बाकीची दोन माणसं वाचवायला थांबली आणि तीही गेली.

त्यानंतर नौदल खडबडून जागं झालं आणि वाट्टेल त्या कल्पना निघाल्या. समुद्री सिंहांना पाणबुडीच्या आवाजामागे जायला शिकवायचं, हा प्रयोग खरोखर झालाय, १९१७ मध्ये वेल्सच्या बाला तलावात. सीगल पक्ष्यांना खोट्या पेरिस्कोपवरून खाणं द्यायचं, म्हणजे खरा पेरिस्कोप दिसला की ते त्यावर घिरट्या घालतील, हेही करून पाहिलं.

फुकटचा_सल्ला
आमच्या गच्चीवरचे कावळे पाठवले असते. पितृपक्षात वेळेवर येत नाहीत, पण एरवी पापड वाळत घातला की शत्रूचा माग काढतात.

दर्यावर्दी_दादा
तीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे माझ्या माहितीत युद्धनौका कमी आणि गंज जास्त. तरी या विषयाचा मला नाद आहे.

होडीतून जाऊन पेरिस्कोपवर किंतानाची पिशवी घालायची आणि लोहाराच्या हातोड्याने काच फोडायची, ही गोष्ट नौदलात चवीने सांगतात. मी ती किस्सा म्हणूनच घेतो. पण त्याच धर्तीची 'लान्स बॉम्ब' नावाची चीज नक्की होती: लांब दांड्याच्या टोकाला स्फोटक. होडीच्या टोकावर उभं राहून ते खालच्या पाणबुडीवर भिरकवायचं. भालाफेकच.

त्याहून बरा प्रकार म्हणजे ओढायचा सुरुंग. विनाशिकेच्या मागे लांब तारेला स्फोटकांची माळ लावून ती पाण्यातून ओढत न्यायची. काहीतरी अडकलं की जहाजावरून विजेचं बटण दाबायचं. १९१५ च्या मार्चमध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत यू-८ जाळ्यात सापडली, तिला अशाच माळेने वर यायला लावलं. पण ही माळ ओढताना वेग मारता येत नाही आणि पाणबुडी नेमकी तारेच्याच खोलीवर असावी लागते. गळ टाकून बसण्यातला प्रकार.

सातारी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं. पाणबुडीच्या अंगाला लागलंच पाहिजे, हा हट्ट सोडल्यावर डेप्थ चार्ज जन्मला. जवळ फुटलं तरी चालेल. मग एकच अडचण राहते: फोडायचं कधी?

बाबलो_कुडाळकर
"जवळ फुटलं तरी चालेल" यावर आमच्या खाडीचं प्रमाणपत्र घ्या. लहानपणी चोरून जिलेटीन टाकून मासे मारणारे लोक होते. बेकायदेशीर, वाईट, सगळं मान्य. पण बघितलंय. वर पाणी फारसं उडत नाही, 'ढुब्ब' असा आवाज पायातून येतो आणि मिनिटभराने मासे पोट वर करून तरंगायला लागतात. अंगावर जखम नाही, खरचटलेलंसुद्धा नाही. माझो आजो म्हणायचो, "बाबल्या, ह्येका भायर काय झाला नाय, आतलो फुगो फुटलो."

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती फुटते. खेकडे, कालवं त्याच स्फोटातून पुष्कळदा सुटतात, त्यांच्यात हवाच नाही. पाणबुडी म्हणजे पोटात हवा असलेला लोखंडी मासाच की.

अभियंता_अण्णा
बाबल्याशेठ, आजोबांना माझ्याकडून मानद डॉक्टरेट. अगदी हेच. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. हवेत स्फोटाचा जोर हवाच गिळून टाकते, पाण्यात तो धक्का सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने सरळ पुढे जातो आणि जिथे हवेची पोकळी सापडेल तिथे आत घुसायला बघतो.

आता दर्यावर्दी दादांच्या "कधी फोडायचं" कडे. पहिला उपाय अगदी घरगुती होता. स्फोटकाच्या डब्याला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला तरंगणारा बोया. डबा खाली जातो, बोया वर राहतो, दोरी संपली की हिसका बसतो आणि डबा फुटतो. दोरी जेवढी लांब तेवढी खोली. कागदावर झकास. प्रत्यक्षात दोरी गुंतायची. पतंग उडवलेल्या कुणालाही सांगायला नको.

मग आला पाण्याच्या दाबावर चालणारा चाप. शेफील्डच्या थॉमस फर्थ अँड सन्स कंपनीने १९१४ मध्ये तो बनवला. तत्त्व कुकरच्या शिट्टीचं. शिट्टीचं वजन ठरलेलं, आतल्या वाफेचा जोर त्याहून वाढला की ती उचलली जाते. इथे वजनाच्या जागी स्प्रिंग आणि वाफेच्या जागी समुद्र. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, कुठल्याही समुद्रात, रात्री असो वा दिवसा. स्प्रिंगपेक्षा पाण्याचा जोर वाढला की चाप सुटतो, आतली पिन स्फोटकाच्या टोपीवर आपटते. घड्याळ नको, दोरी नको, वीज नको.

चकली
अण्णा, कुकरचं उदाहरण दिल्यामुळे प्रथमच एखाद्या बॉम्बचं काम समजलं. आता तीन शिट्ट्या झाल्या की पोटात गोळा येणार.

इतिहासवेडी
अण्णांना पुरवणी. तो चाप आधी बसवला नेहमीच्या मोठ्या सुरुंगावर. अ‍ॅडमिरल जेलिको यांच्या मागणीवरून झालेला प्रयोग. त्याला 'क्रूझर माइन' म्हणायचे. वजन ५२० किलोच्या घरात, १४ मीटर खोलीवर फुटायचा आणि तीस मीटरपर्यंत मारा. आता विचार करा, तो तुम्ही स्वतःच्याच जहाजाच्या पिछाडीवरून टाकताय.

मग पोर्ट्समथच्या 'एचएमएस व्हर्नन' या पाणतीर आणि सुरुंगांच्या शाळेत हर्बर्ट टेलर यांनी आटोपशीर नमुना केला, तो 'टाइप डी'. जानेवारी १९१६ मध्ये जहाजांवर मिळू लागला. सातारी, तुम्ही पाहिलंत त्या पिंपाचा हा मूळपुरुष, आणि ती शाळा तेव्हा त्याच पोर्ट्समथच्या खाडीत नांगरलेल्या जुन्या जहाजांवर भरायची.

टाइप डी मध्ये ३०० पौंड म्हणजे १३६ किलो स्फोटक. आणि एक धाकटा भाऊ, १२० पौंडांचा. धाकटा का? कारण गस्तीवरच्या पुष्कळशा बोटी म्हणजे मासेमारीचे ट्रॉलर होते. त्यांचा वेग एवढा कमी की मोठं पिंप टाकलं तर पाणबुडीच्या आधी आपलंच सुकाणू उडायचं.

सातारी_कंदी
हे भारी आहे! म्हणजे पिंप टाकून पळायचं, असं. दिवाळीत सुतळी बॉम्ब लावून पळायचो तसं. एकदा आम्ही पेटती सुतळी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली होती. वाटलं, विझेल. विझली नाही. बादली उभी चिरली आणि आईने मला.

फुकटचा_सल्ला
तुमच्या आईंचा मारा किती मीटरपर्यंत होता?

सातारी_कंदी
अख्खा वाडा.

गणित_गोड
थांबा थांबा. टाइप डी चा मारा किती मीटर? पिंप किती वेगाने बुडतं? हे आकडे आले तर मी हिशोब मांडून देतो.

दर्यावर्दी_दादा
घ्या. ३०० पौंडी पिंप पाणबुडीपासून १४ फुटांच्या आत, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आत फुटलं तर पाणबुडी खलास. २८ फुटांच्या आत फुटलं तर नुकसान इतकं की बहुधा वर यावंच लागेल. त्यापलीकडे दिवे फुटणार, गळती, घबराट. बुडण्याचा वेग मी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश मार्क सातचा देतो: सेकंदाला तीनेक मीटर.

गणित_गोड
धन्यवाद दादा. तर मंडळी, पाटी-पेन्सिल घ्या.

पाणबुडी ३० मीटर खाली आहे. आपलं जहाज १५ नॉट म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर वेगाने तिच्या डोक्यावर आलं आणि पिंप सोडलं. पिंपाला खाली पोहोचायला दहा सेकंद. तेवढ्यात आपण ७७ मीटर पुढे. ठीक, आपण वाचलो.

पण पाणबुडीही थांबलेली नाही. ३ नॉट, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. दहा सेकंदांत १५ मीटर. मारा सव्वाचार मीटर! हे झालं ती कुठे आहे हे बरोबर माहीत असताना. त्यातही खोलीचा अंदाज चुकला तर?

म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून, चालत्या लोकलमधून, उलट दिशेच्या लोकलमधल्या माणसाच्या खिशात नाणं टाकणं.

घारगे
आणि ते नाणं दहा सेकंदांनी पडणार.

इतिहासवेडी
गोड यांचा हिशोब आकडेवारीशी जुळतो. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटिश नौदलाने ७४,४४१ डेप्थ चार्ज जहाजांना वाटले, त्यातले १६,४५१ टाकले आणि निव्वळ त्यांच्या जोरावर बुडालेल्या पाणबुड्या ३८. भागाकार करा, एका पाणबुडीमागे सव्वाचारशेहून जास्त पिंपं. आणखी १४० वेळा त्यांचा हातभार लागला, ते वेगळं.

म्हणूनच मला हे हत्यार जरा फुगवलेलं वाटतं. युद्ध फिरवलं ते ताफ्याने. एप्रिल १९१७ मध्ये दोस्त आणि तटस्थ देशांची साडेआठ लाख टनांच्या आसपास जहाजं बुडाली होती. मग एकेकट्या जहाजांऐवजी ताफे करून, बरोबर विनाशिका देऊन पाठवायला सुरुवात झाली आणि आकडा उतरत गेला.

दर्यावर्दी_दादा
वेडीताई, आकडे बरोबर, निष्कर्षाशी असहमत.

रात्री गल्लीत फिरणारा गुरखा वर्षात किती चोर पकडतो? बहुधा एकही नाही. म्हणून काठी आपटणं फुकट का? त्या काळची पाणबुडी म्हणजे खरं तर बुडी मारू शकणारी बोट. वर असताना डिझेलवर झकास पळते, खाली गेली की बॅटरीवर रांगते. तिला खाली दाबून धरलं की ताफा पुढे निघून जातो. माणसं खाली हवेसाठी तळमळतात, बॅटरी संपत येते. दर पिंपाने पाणबुडी फुटलीच पाहिजे असं नाही, कप्तानाने मान खाली घातली तरी त्या प्रवासापुरतं काम झालं.

आणि ताफ्याबरोबरच्या विनाशिकेचा धाक कशामुळे होता? तिच्या पिछाडीवरच्या पिंपांमुळेच ना? १९१६ मध्ये एका जहाजाला मोजून दोन मिळायची. १९१८ मध्ये तीस ते पन्नास. धाक त्या प्रमाणात वाढला.

इतिहासवेडी
गुरख्याची उपमा मान्य, पण मग "पाणबुडीनाशक" हे बिरुद काढून "पाणबुडीदाबक" म्हणा.

दर्यावर्दी_दादा
मंजूर. ठराव पास.

बाबलो_कुडाळकर
पहिली पाणबुडी कधी बुडाली ह्या पिंपाने? कोणीच सांगितलं नाही.

इतिहासवेडी
२२ मार्च १९१६, आयर्लंडच्या केरी किनाऱ्याजवळ, यू-६८. आणि बुडवणारं जहाज म्हणजे बहुरूपी! फार्नबरो नावाची कोळशाची मळकट बोट. आत लपवलेल्या तोफा. कप्तान गॉर्डन कॅम्पबेल.

पाणबुडीने पाणतीर सोडला, चुकला. फार्नबरो मुद्दाम काही कळलंच नाही असं दाखवत चालत राहिली. पाणबुडी वर आली, इशाऱ्याचा गोळा टाकला. लगेच बोटीवरचे काही जण ठरल्याप्रमाणे आरडाओरडा करत, धक्काबुक्की करत होड्यांत उतरले. जहाज सोडून पळताहेत असं सोंग. पाणबुडी जवळ आली तसे फळ्या पाडून तोफा सुरू. ती बुडी मारू लागली तेव्हा कॅम्पबेलने जहाज तिच्यावर नेऊन पिंप टाकलं. पाणबुडीचं नाक पाण्याबाहेर आलं, पुन्हा तोफा, आणखी पिंपं. एकही माणूस वाचला नाही.

म्हणजे पहिल्या यशाच्या वेळीही पाणबुडी कुठे आहे हे डोळ्यांना दिसत होतं. नुसत्या अंदाजावर नव्हे. हा माझा मुद्दा होता, दादा.

चकली
सोंग, फळ्या पाडणं... दशावतारी नाटक झालं की हे. फक्त शेवट वाईट. त्या पाणबुडीतल्या पोरांचंही वय काय असेल.

कोडवाला_कोथरूड
अवांतर होईल कदाचित, पण माझ्या धंद्यातला आवडता किस्सा. दुसऱ्या महायुद्धात विमानांतूनही डेप्थ चार्ज टाकायचे. चाप लावलेला १०० फुटांवर. तर्क असा की विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारणार, पिंप पोहोचेपर्यंत ती एवढी खाली गेलेली असणार. यश नगण्य.

१९४१ मध्ये ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने हल्ल्यांच्या नोंदी काढून बसून वाचल्या. त्याच्या लक्षात आलं, जी पाणबुडी १०० फूट खाली जाण्याइतकी आधी बुडलीय ती आडवी कुठे गेली हे वैमानिकाला माहीतच नसतं. तिच्यावर टाकलेला चार्ज तसाही वाया. जिच्यावर नेम लागू शकतो ती नुकतीच बुडतेय, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातच आहे. चाप २५ फुटांवर लावा! टप्प्याटप्प्याने लावला. यश कितीतरी पटींनी वाढलं. पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटलं, ब्रिटिशांनी स्फोटकच दुप्पट केलं. बदललं होतं फक्त चापावरचं एक सेटिंग.

या कामाचे धुरीण पॅट्रिक ब्लॅकेट. तेच पुढे स्वतंत्र भारताच्या संरक्षण खात्याला सल्ला द्यायला आले होते, नेहरूंच्या बोलावण्यावरून.

गणित_गोड
वा! "जे मारता येणार नाही त्याच्यासाठी नेम लावू नका." हे परीक्षेच्या पेपरालाही लागू.

फुकटचा_सल्ला
चाप किती खोलीवर लावलाय हे शत्रूला कळलं तर गंमतच. जपानी लोक आपले चार्ज फार वर फोडतात म्हणून आमच्या पाणबुड्या वाचतात, असं एक अमेरिकन खासदार १९४३ मध्ये पत्रकार परिषदेत बोलून बसले होते. अँड्र्यू जॅक्सन मे. वर्तमानपत्रांनी छापलं. पाणबुडी दलाचे अ‍ॅडमिरल लॉकवुड नंतर म्हणाले, यामुळे दहा पाणबुड्या आणि आठशे माणसं गेली.

(बघा, मलाही गंभीर लिहिता येतं.)

इतिहासवेडी
फुस, लॉकवुड यांच्या त्या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तोंड सांभाळावं याबद्दल नाही.

समुद्रकन्या_वर्सोवा
आपल्याकडचं कोणीच लिहीत नाहीये म्हणून. २३ नोव्हेंबर १९४२ ला 'तिलावा' हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेला जाताना अरबी समुद्रात बुडालं. जपानी पाणबुडी आय-२९. २८० माणसं गेली. तिथे वर पिंप टाकायला कोणी नव्हतंच, ते एकटं जहाज होतं. दादांचा गुरखा त्या गल्लीत नव्हता.

आणि हीच आय-२९ पुढच्या एप्रिलमध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीला भेटली आणि तिच्यातून नेताजी सुभाषबाबूंना घेऊन गेली. हे दोन्ही एकाच पाणबुडीचं, हे समजलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

घारगे
अरे बापरे. हे माहीत नव्हतं.

दर्यावर्दी_दादा
समुद्रकन्या, धन्यवाद. आपल्या बाजूचंही एक. ११ फेब्रुवारी १९४४, बंगालचा उपसागर, विशाखापट्टणमजवळ. आरओ-११० या जपानी पाणबुडीने ताफ्यावर हल्ला केला. ताफ्याबरोबर रॉयल इंडियन नेव्हीची 'जमना' आणि ऑस्ट्रेलियाच्या 'इप्सविच' व 'लॉन्सेस्टन'. तिघींनी मिळून पिंपं टाकून ती बुडवली.

आता मूळ कथेतला पुढचा टप्पा. गोड यांच्या हिशोबात एक राहिलंय. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅस्डिक होतं, म्हणजे ध्वनीची हाक मारून प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र. पण त्याचा झोत तिरका पुढे जायचा. पाणबुडी शे-दीडशे मीटरवर आली की ती झोताच्या खाली जायची आणि प्रतिध्वनी बंद. म्हणजे हल्ल्याच्या ऐन क्षणी आंधळे! पाणबुडीच्या कप्तानालाही वरच्या जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकू यायचा. जहाज जोरात डोक्यावर येतंय हे कळलं की तो झटकन वळायचा.

गणित_गोड
दीडशे मीटर, ७.७ वेगाने: वीस सेकंद. अधिक बुडण्याचे दहा. तीस सेकंद गुणिले दीड, पंचेचाळीस मीटर. पाणबुडी कुठल्याही दिशेला पंचेचाळीस मीटर. मारा तोच. मी पेन्सिल खाली ठेवतो.

दर्यावर्दी_दादा
म्हणून ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन वॉकर यांनी युक्ती काढली. एक जहाज लांब, मागे राहून अ‍ॅस्डिकने पाणबुडी धरून ठेवणार. दुसरं हळूहळू, आवाज न करता तिच्यावर जाणार. पहिला सांगणार "आता टाक", दुसरा टाकणार.

पण खरा उपाय म्हणजे दिसत असतानाच पुढे फेकणं. त्याचं नाव हेजहॉग, साळिंदरासारखे दांडे उभे असायचे म्हणून. एका वेळी २४ छोटे बॉम्ब दोनेकशे मीटर पुढे, वर्तुळात पडणार. मुख्य म्हणजे हे खोलीवर फुटत नाहीत. आपटले तरच फुटतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा "अंगाला लागलंच पाहिजे" हा हट्ट परत आला, पण आता संख्येने. नेम चुकला तर काहीच फुटत नाही, पाणी ढवळत नाही, अ‍ॅस्डिकचा माग तुटत नाही.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीला खलाशांना हे आवडलंच नाही. पिंप कसं, लागो न लागो, धडाम आवाज तर येतो! हेजहॉग चुकलं की नुसती शांतता. पण आकडे बघा: ब्रिटिश हिशोबात पिंपांनी साधारण साठ हल्ल्यांत एक पाणबुडी, हेजहॉगने सहा हल्ल्यांत एक. मे १९४४ मध्ये अमेरिकेच्या 'इंग्लंड' नावाच्या जहाजाने बारा दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या, हेजहॉगनेच.

इतिहासवेडी
दादा, एक दुरुस्ती: शंभर नव्हे, तीस वर्षांपूर्वीचा हट्ट. १९१४ ते १९४४.

दर्यावर्दी_दादा
बरोबर. हात वेगात गेला. आणि त्यापुढचं स्क्विड, तीन नळ्यांची उखळी तोफ. तिच्या बॉम्बची खोली थेट अ‍ॅस्डिकवरून शेवटच्या क्षणी लावली जायची. ३१ जुलै १९४४ ला लॉख किलिन या जहाजाने त्याने यू-३३३ बुडवली. स्क्विडचा धाकटा भाऊ लिंबो आपल्या नौदलाच्या 'खुकरी' आणि 'किरपाण' या जहाजांवर होता.

समुद्रकन्या_वर्सोवा
'खुकरी'... ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. लिंबोचा पल्ला नऊशे मीटरच्या आसपास, आणि समोर पाकिस्तानच्या 'हंगोर' सारखी आधुनिक पाणबुडी. दीवला स्मारकाशी उभी राहिले होते तेव्हा समोरचा समुद्र इतका शांत होता.

चकली
🙏

अभियंता_अण्णा
सगळ्यांनी सगळं सांगितलं, पोराचा प्रश्न मात्र तसाच. पिंप का? मी दोन दिवस विचार करतोय.

पहिलं, त्या काळी पिंपाला वेगाने बुडायचंच नव्हतं! ट्रॉलरची गोष्ट आठवा. निमुळतं केलं असतं तर ते झपकन खाली जाऊन आपल्याच पायाखाली फुटलं असतं. हळू बुडणं ही सुरुवातीला सोय होती. आणि पहिल्या चापांची खोलीही कमीच होती, पाणबुड्याही फार खाली जात नव्हत्या.

दुसरं, जहाजाच्या पिछाडीला उतरते रूळ. त्यावर पिंपं आडवी रचलेली. खिट्टी काढली की एक गडगडत पाण्यात, पुढचं आपोआप खिट्टीपाशी. हलत्या, भिजलेल्या डेकवर मध्यरात्री दोन माणसांना जमेल असं. पंखवाला बॉम्ब गडगडत नाही.

तिसरं, पत्रा गुंडाळायचा, दोन्ही बाजूंना झाकण, मधून नळी, त्यात चाप. हजारोंनी करायचं तर सोपं.

नंतर पाणबुड्या खोल जाऊ लागल्या, जहाजं वेगवान झाली, तेव्हा हळूपणा नडला. ब्रिटिशांनी काय केलं? आकार बदलायच्या ऐवजी १९४० मध्ये पिंपाला दीडशे पौंडांचं बिडाचं वजन जोडलं. सेकंदाला तीनचे पाच मीटर झाले. एकदम आपला जुगाड. निमुळतं, पंखवालं, गोल फिरत सरळ जाणारं पुढे अमेरिकेने काढलं, मार्क नऊ. म्हणजे तुमच्या लेकाला जे दिसलं ते त्यांनाही दिसलं, पण गरज पडल्यावर.

सातारी_कंदी
अण्णा, साष्टांग. लेकाला काल रात्री सगळं वाचून दाखवलं. समुद्री सिंहांपाशी वीस मिनिटं अडकलो.

आज सकाळी त्याने बागेतल्या पावसाच्या पाण्याच्या पिंपात प्रयोग मांडला. एक मसाल्याची पत्र्याची डबी, वाळू भरून. एक जाड मार्करची रिकामी नळी, तीही वाळू भरून, टोकाला नटबोल्ट. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर सारखं केलं. नळी सरळ 'टक्' करून तळाला. डबी डोलत, कोलांट्या घेत गेली आणि दर वेळी वेगळ्याच जागी पडली, एकदा तर पिंपाच्या भिंतीला लागून. सहा वेळा टाकली, सहा ठिकाणं. चिरंजिवांनी वहीत ठिपके काढलेत.

म्हणतो, "बाबा, गणित_गोड काकांना सांग, डबी सरळ जात नाही हे त्यांनी धरलंच नाही."

गणित_गोड
😀 पेन्सिल परत उचलतोय. काकांना ठिपक्यांचा फोटो पाठवायला सांगा त्याला.

घारगे
आणि डबीत आधी कुठला मसाला होता ते आईला विचारून घेतलंत ना?

सातारी_कंदी
गोडा. साताऱ्याहून आलेला. घरात सध्या सगळे पेरिस्कोप खाली आहेत.